बारा घरांची वही : एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

नववीतले अकरा जण आणि मी. आज वह्या आखल्या. गाव हिंगणघाट तालुक्यातलं. अकरा मुलांची अकरा घरं घेतली, बारावं माझं. वर्षभर प्रत्येक घरात काय काय जळतं त्याचा हिशेब ठेवायचा: मीटरचे युनिट, सिलिंडर, पेट्रोल, डिझेल, चूल. आमच्याकडे 'इंधन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सरपणच येतं, म्हणून 'चुलीतलं इंधन' असा रकाना वेगळा करावा लागला.

हे काम कशासाठी, तेही लिहून ठेवते. मागच्या मे महिन्यात वर्गातल्या एका मुलीची आजी ऊन लागून गेली. ती उन्हात गेलीच नव्हती. दुपारभर घरात होती, टिनाच्या घरात. शाळा उघडल्यावर मुलीने मला विचारलं, "मॅडम, दरसाली ऊन काहून वाढून रायलं?" मी विज्ञानाच्या तासाचं उत्तर दिलं. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. कोळसा, तेल, वायू जाळल्याने ते वाढले आणि पृथ्वीची ऊब त्यात अडकते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आमच्या घरी तं गाडीबी नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. तिचं घर वहीत क्रमांक ७.

सुरुवातीला प्रत्येकाकडून एक अंदाज लिहून घेतला: गावात सर्वांत जास्त वायू कशातून निघत असेल? अकरापैकी नऊ चिठ्ठ्यांवर 'चूल'. धूर डोळ्यांना दिसतो, झोंबतो, म्हणून असेल. खरं सांगायचं तर माझाही अंदाज तोच होता. चिठ्ठ्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या.

पेनांचा नियम मुलांनीच ठरवला. वापर वाढला तर लाल, घटला तर हिरवं.

१९ जुलै

आजचा तास फार रंगला. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, असं फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून लगेच हात वर आला. "मॅडम, एक लिटर पेट्रोलचं वजन किलोभरबी नसते. मंग जाळून सव्वादोन किलो कुठून येईन?"

हा प्रश्न मोठ्यांच्या कधी मनात येत नाही. किराणा दुकानातून वजनकाटा आणला. पेट्रोलऐवजी तुरीचे दाणे घेतले, ऑक्सिजनऐवजी चणे. पेट्रोलचा लिटर सुमारे ७४० ग्रॅमचा, त्यात कार्बन सुमारे ६४० ग्रॅम. कार्बनचा अणू १२ वजनाचा. जळताना तो हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू धरतो, प्रत्येकी १६ चे. झाले ४४. म्हणजे कार्बनच्या प्रत्येक १२ ग्रॅमला हवेतले ३२ ग्रॅम येऊन चिकटतात. ६४० ला १२ ने भागून ४४ ने गुणलं की २३०० ग्रॅमच्या वर जातं. वाढीव वजन हवेतून आलं आणि हवेतच गेलं.

मुलांनी दाणे मोजून ताटल्यात टाकले, आणि काटा खाली गेल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला लक्षात राहील. गाडीच्या टाकीतून काहीतरी 'संपतं' असं आपण म्हणतो. ते संपत नाही, वजनाने तिप्पट होऊन डोक्यावर जाऊन बसतं.

बाकीचे गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. डिझेल लिटरला २.७ किलो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, त्यातून सुमारे ४२ किलो. विजेच्या एका युनिटला ०.७ किलो, देशभरातल्या वीजकेंद्रांची ही सरासरी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं आणि ती सध्या ०.७ च्या थोडी वरच आहे. आम्ही सोपा आकडा धरला.

३ ऑगस्ट

मीटर वाचायला शिकवलं. तीन घरांत मीटरच बंद निघाले, सरासरी बिल येतं. त्यांनी अर्ज दिला.

१७ ऑगस्ट

वर्धा–बल्लारशा लाइन आमच्याजवळून जाते. मुलांना घेऊन फाटकाजवळ दोन तास बसले. कोळशाच्या दोन मालगाड्या गेल्या. पहिलीचे डबे मोजले, ५८. एका डब्यात साधारण ६० टन कोळसा मावतो, म्हणजे गाडीत साडेतीन हजार टनांच्या आसपास.

हा कोळसा वणी-चंद्रपूरकडच्या खाणींतला, उत्तरेकडच्या वीजकेंद्रांना जाणारा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राला स्वतःच्या शेजारचाच कोळसा मिळतो. त्याची क्षमता २९२० मेगावॉट. आपल्या राखाळ कोळशाचे ६०० ते ७०० ग्रॅम जाळले की एक युनिट वीज होते. परत येताना एका मुलाने हिशेब केला: चंद्रपूर पूर्ण भाराने चाललं तर तासाला दोन हजार टन. आम्ही मोजलेली ५८ डब्यांची गाडी तिथे पावणेदोन तास पुरेल.

कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, चंद्रपूर. अशी कितीतरी वीजकेंद्रं विदर्भात आहेत. राख आमच्या भागात पडते, वीज राज्यभर जाते. पुण्या-मुंबईतल्या घरात चालणाऱ्या एसीचा धूर चंद्रपूरच्या आकाशात असतो. मुलांना हे सांगताना माझा आवाज चढला, आणि तो चढायलाच हवा असं मला वाटतं. पण फाटकावरून परतताना गावातल्या ट्रान्सफॉर्मरखालून गेलो तेव्हा तेही दाखवलं: ती वीज इथेही येते. आपलं मीटर त्याच गाडीला जोडलेलं आहे.

२ सप्टेंबर, पोळा

सुट्टी होती. तरी संध्याकाळी तोरण तुटल्यावर मुलं बैल घेऊन दारी आली, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. पूजा केली, ठोंबरा खाऊ घातला. आणि मनात मागच्या आठवड्याचा हिशेब घोळत राहिला.

ढोरांच्या पोटात चारा आंबतो तेव्हा मिथेन तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या बैलासारख्या जनावरासाठी वर्षाला २७ किलो मिथेन धरलाय, दुभत्या गाईला ५८, म्हशीला ५५. शंभर वर्षांचा विचार केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट ऊब धरतो. एका बैलाचे ७२९ किलो, जोडीचे जवळजवळ दीड टन. साडेपाचशे लिटर डिझेल जाळल्याइतकं.

हे वर्गात सांगितलं त्या दिवशी घर ४ चा मुलगा रडवेला झाला होता. त्याच्या घरी जोडी आहे. "मंग बैल विकून टाकाचे काय?"

मी त्याला जे सांगितलं ते इथे नोंदवते, कारण पुढे कोणी ही वही वाचेल तेव्हा आकडा तेवढा उचलून नेऊ नये. मिथेन हवेत दहा-बारा वर्षं टिकतो, मग विरतो. बैलांची संख्या वाढत नसेल तर हवेतला त्यांचा मिथेनही वाढत जात नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशी गोवंश आधीपेक्षा घटलेला दिसला. कोळशातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं साचत राहतो. शिवाय तीच जोडी डवरणी करते, शेणखत देते, कुटार खाऊन जगते. त्याचं मोल आमच्या रकान्यात कुठेच बसत नाही. तेव्हा बैलाचा आकडा लिहायचा, लपवायचा नाही, पण तो वेगळ्या पानावर.

२१ सप्टेंबर

युरिया. हा रकाना आमच्या मूळ वहीत नव्हताच. घर ४ च्या मुलाने विचारलं, "वावरात टाकतो त्याचं नाही लिवाचं काय?" मग अभ्यास करावा लागला, आणि सबंध प्रकल्पात मला सर्वांत जास्त हादरवलं ते याने.

युरियाची बॅग ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. ते सगळं पिकाला मिळत नाही. काही पाण्याबरोबर वाहतं, काही अमोनिया होऊन उडतं, आणि जमिनीतले जीवाणू थोड्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड करतात. जगभरच्या मोजणीत तो वाटा ढोबळमानाने एक टक्का धरतात. कोरड्या जमिनीत कमी, पाणी साचलेल्या ठिकाणी जास्त. एक टक्का म्हणजे अगदीच थोडं वाटतं. पण नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट ऊब धरतो. एका बॅगेतून असा सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. शिवाय युरिया जमिनीत विरघळताना त्यातला कार्बन बाहेर पडतो, तो आणखी ३३ किलो. एकूण १२० च्या घरात. सिलिंडरपेक्षा तिप्पट. नैसर्गिक वायूपासून युरिया तयार करताना कारखान्यात जे निघतं ते यात धरलेलंच नाही.

घर ४ ने पाच एकर कपाशीत यंदा दहा बॅगा टाकल्या. १२०० किलो. ना धूर, ना वास, ना बिल.

मुलाचे वडील घरी होते, त्यांच्याशी बोलायला गेले. ते रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "मॅडम, दोन एकरातला तं पुरा वाहून गेला. सकाळी फेकला अन् संध्याकाळी ढग फुटल्यावानी पाणी आलं." युरिया स्वस्त आहे, सरकार अनुदान देतं, पीक पिवळं दिसलं की हात बॅगेकडे जातो. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. दोन दिवसांनी पाऊस येणार की आज, एवढं खात्रीने सांगणारं कोणी त्यांच्याजवळ असतं तर दोन एकराचा युरिया आणि त्याचा पैसा दोन्ही वाचलं असतं. मातीपरीक्षणाचं कार्ड त्यांच्या घरी होतं, कपाटात, पिशवीत बांधलेलं. ते काढून वाचायला सहा मिनिटं लागली. कोणी आजवर वाचून दाखवलं नव्हतं.

जुनी माणसं कपाशीत तुरीचं तास का ठेवत, यावर पुढच्या तासाला बोलायचं आहे. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलंच नत्र जमिनीत आणतात, फुकट.

९ ऑक्टोबर

सोयाबीन काढणी. वर्गात चार जण. वह्या बंद.

२४ नोव्हेंबर

पंपाची मोजणी झाली. शेतीपंपाला आमच्याकडे मीटर नाही, आकार अश्वशक्तीवर होतो. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंत तोही माफ आहे. म्हणून किती वीज जाते हे शेतकऱ्यालाच माहीत नसतं. गावच्या वायरमनभाऊंनी तारेतला प्रवाह मोजणारा चिमटा-मीटर आणला. घर ४ चा पाच अश्वशक्तीचा पंप तीन फेजवर साडेसात अँपिअर ओढतो, म्हणजे तासाला ४.४ युनिट. घर ७ मध्ये चार दिवसांत एवढी वीज लागते.

या आठवड्यात वीज रात्रीची आहे. आमच्याकडे फेऱ्या असतात, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डुकरं, साप, थंडी. म्हणून प्रत्येक पंपाला ऑटो लावलेला: वीज आली की पंप आपोआप सुरू. माणूस घरी झोपलेला, पाणी पाटातून धुऱ्यावरून रस्त्यावर. मी आणि दोन पालक काल रात्री साडेअकराला बॅटरी घेऊन गेलो. सहा पंप चालू दिसले. त्यातल्या दोन वावरांत पाणी आधीच तुंबलेलं होतं आणि माणूस नव्हता.

वीज वाया घालवतात असं शहरातल्या एखाद्याने म्हटलं तर त्याला मी त्या पऱ्हाटीत रात्री उभं करीन. दिवसा वीज द्या, ऑटो आपोआप निघतील. सौर पंप आणि सौर कृषी वाहिनीच्या योजनांची मला म्हणूनच आस आहे. सूर्य असतो तेव्हाच माणूस वावरात असतो. वायू घटवायचा उपाय आणि साप चावू नये याचा उपाय इथे एकच आहे.

मुलं आता पंप चालल्याचे तास रोज लिहिणार.

१५ डिसेंबर

चुलीचा दिवस. शाळेच्या आवारात तीन विटांची चूल मांडली, पाच लिटर पाणी, तुराट्या वजन करून. झाकण न ठेवता पाणी उकळायला ९०० ग्रॅम लागल्या. झाकण ठेवून ६५० ग्रॅम. उघड्या चुलीवर जळणातल्या उष्णतेचा दहावा हिस्साच जेमतेम भांड्यात पोचतो, बाकी वाऱ्यावर.

पण तुराट्यांतला कार्बन यंदाच्या पावसाळ्यात तुरीनेच हवेतून ओढलेला. तो परत हवेत गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुरीत येईल. त्यामुळे शेतातल्या काडीकचऱ्याच्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा वहीत शून्य धरला. झाड तोडून आणलेल्या लाकडाचा नाही. हे सांगितल्यावर मुलं चक्रावली. एवढा धूर आणि शून्य?

शून्य फक्त त्या एका रकान्यात. अर्धवट जळाल्याने मिथेन आणि काजळी निघते, तीही ऊब धरते. आणि खरा हिशेब चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत होतो. मी आज चार आयांशी बोलले. चौघींच्या घरी उज्ज्वलाचं कनेक्शन आहे, चौघी चूल पेटवतात. सिलिंडरवर चहा आणि पाहुणे. भाकरी, आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण चुलीवर. "गॅस संपला तं आणाले एवढे पैसे एका वक्ती कुठून काढाचे?" इंधन वेचायला पैसे लागत नाहीत, लागतात त्या दोन तासांचे पैसे कोणी मोजत नाही.

माझ्या मनात याबद्दल आता गोंधळ उरलेला नाही. घर ७ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर येतात. तिथे आठ यावेत. त्यांच्या वहीत २१० किलो वाढतील. वाढू देत.

१८ जानेवारी २०२५

एसटीने वर्ध्याला मगन संग्रहालय पाहायला. पास, अर्धं तिकीट, डबे. वाटेत हिशेब: एसटी लिटरला साडेचार किलोमीटर जाते, आत चाळीस माणसं, म्हणजे किलोमीटरला माणशी पंधरा ग्रॅम. मोटारसायकलवर एकटा गेला तर चाळीस. मुली म्हणाल्या, एसटी वेळेवर आली तर कोण भाऊला गाडीवर सोडून दे म्हणेल? खरं आहे. मागच्या महिन्यात सायंकाळची फेरी सात वेळा आली नाही.

संग्रहालय ज्या मगनवाडीत आहे तिथे गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा राहिले, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम १९३४ नंतर त्यांनी इथून चालवलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावच्या तेलबियांवर चालणारा 'मगन दीप' करवून घेतो. कुमारप्पा संपत्तीचे दोन प्रकार मानत: एक साठ्याची, जसा कोळसा आणि खनिज तेल, काढली तेवढी संपली, दुसरी प्रवाहाची, जी ऊन-पावसाबरोबर दरवर्षी येते. साठ्यावर उभा राहिलेला संसार माणसांना एकमेकांशी भांडायला लावेल, असं त्यांचं म्हणणं. हवामानबदलाची चर्चा तेव्हा नव्हती. तरी आमच्या वहीतले रकाने त्यांनी कितीतरी आधीच आखून ठेवले होते असं मला तिथे उभं राहून वाटलं. मुलांनी परत आल्यावर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिहिलं: साठा किंवा प्रवाह.

१६ फेब्रुवारी

पऱ्हाट्या उपटणं सुरू. संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यावर जाळ. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या वावरात ठेवू नका असं कृषी खातंही सांगतं, म्हणून काढाव्या लागतात. जाळाव्याच लागतात असं नाही. कुट्टी करणारं यंत्र तालुक्याला भाड्याने मिळतं, पण आमच्या गावाचा नंबर लागेपर्यंत उन्हाळवाहीची वेळ निघून जाते. दोन घरांनी यंदा खड्डा करून कुजवायला टाकल्या. पाहू.

२२ मार्च

आज बेरीज. नऊ महिन्यांची वही आणि मागच्या उन्हाळ्याची जुनी बिलं मिळवून वर्ष पूर्ण केलं. फक्त घरातलं: वीज, गॅस, पेट्रोल-डिझेल.

घर ७, पाच माणसं : ४०० युनिट, ३ सिलिंडर. ४०६ किलो. माणशी ८० च्या आसपास.

घर १२, म्हणजे मी आणि आई : १५०० युनिट, ६ सिलिंडर, स्कूटीचं पेट्रोल १४४ लिटर. माणशी ८१६.

घर २, पाच माणसं, दोन एसी, चारचाकी, दोन मोटारसायकली : ४३०० युनिट, ११ सिलिंडर, ७२० लिटर डिझेल, ३०० लिटर पेट्रोल. शिवाय जुना एसी वरच्या मजल्यावर हलवताना मेकॅनिकने आतला गॅस तसाच हवेत सोडला. तो आर-३२, सातशे ग्रॅम, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट ऊब धरणारा. तेच पावणेपाचशे किलो. एकूण साडेसहा टनांच्या वर, माणशी १३१५.

एकाच गावात, एकाच पाण्याच्या टाकीखाली, सोळापट.

घर २ चा मुलगा खाली मान घालून बसला. म्हणून मी फळ्यावर आधी माझा आकडा लिहिला आणि विचारलं की मॅडम घर ७ च्या दहापट का. मुलांनी शोधलं: जुना फ्रिज, पाणी तापवायचा रॉड, दोन किलोमीटरवरच्या शाळेलाही स्कूटी. तिन्ही बरोबर होतं. मग त्या मुलाने स्वतःच घरचं वाचून दाखवलं. संध्याकाळी त्याचे वडील शाळेत आले, पान पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, छपरावर सोलर बसवलं तर? तीन किलोवॉटला दिवसाला सरासरी बारा युनिट, वर्षाला ४३०० च्या जवळपास. अगदी त्यांच्या वापराएवढे. सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान आहे. कागद मी काढून देते म्हटलं.

भारताची सरासरी माणशी दोन टन आहे, जगाची साडेचार-पाच, अमेरिकेची चौदाच्या आसपास. आमचं घर २ सुद्धा भारताच्या सरासरीच्या खाली कसं? कारण सरासरीत सिमेंट, पोलाद, कारखाने, विमानं, रस्ते हे सगळं येतं, आमच्या वहीत फक्त घर. तरीही घर ७ चे ८० किलो पाहिल्यावर हवामानासाठी 'आपण सगळ्यांनी' कमी करायला हवं असं भाषण मी पुन्हा करू शकणार नाही. कोणी कमी करायचं, ते घराचा क्रमांक घेऊन सांगावं लागेल.

मग वावराचं पान. घर ४ चं घरखर्चाचं उत्सर्जन एक टनाच्या आत. पण वावराचं: पंप ५६० तास चालला, २४६४ युनिट, १७२५ किलो; युरिया १२०० किलो; बैलजोडी १४५८; ट्रॅक्टरचं डिझेल १६२. साडेचार टन! मुलाचा चेहरा पाहून लगेच दुसरा प्रश्न लिहिला: हा कापूस कोणाच्या अंगावर चढतो? गाठी हिंगणघाटहून जातात त्या सूतगिरणीत, तिथून सदरा होऊन कुठल्या कुठे. तो सदरा घालणाऱ्याच्या वहीत यातला वाटा जायला हवा. आज जात नाही. शेतकऱ्याच्या नावावर राहतो, भाव मात्र सदऱ्याच्या नावावर.

कपाटातलं पाकीट उघडलं. 'चूल' लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्या. 'पंप' कोणी लिहिलं नव्हतं, 'युरिया'ही नाही. घर ७ च्या मुलीने कोऱ्या चिठ्ठीवर फक्त प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

१३ एप्रिल

घर ७ च्या टिनावर चुना मारला. पाच मुलं, तिचे वडील, मी. सकाळी सहाला सुरू, नऊला टिनावर पाय ठेवता येईना. चुन्यात फेव्हिकॉल घातला म्हणजे पोपडे धरत नाहीत. दोन हात.

हे घर आधी कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, दुपारी आत गारवा. माकडं कवेलू फोडायची, दरवर्षी फेरायला माणूस मिळेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी टिन घातलं. पक्कं घर व्हावं ही आजीचीच इच्छा होती असं तिच्या वडिलांनी सांगितलं. शिडी धरून उभे होते, दुसरीकडे पाहत.

शेजारचं घर तशाच टिनाचं, चुना नसलेलं. दोन्हीकडे आत पलंगाच्या उंचीवर थर्मामीटर टांगले.

१७ एप्रिल

चार दिवसांची दुपारी अडीचची सरासरी : शेजारी ४१.५, घर ७ मध्ये ३८. साडेतीन अंश. खर्च ६४० रुपये. वापरलेली वीज शून्य.

शेजारच्या काकूंनी चुना कुठून आणला ते विचारलं. आठवडी बाजारातून, उद्याच आणतील.

११ मे

३८ अंशही वृद्ध माणसाला, लेकराला कमी नाहीत, आणि बाहेर पारा ४५ ला टेकला. घर ७ ने काल कूलर घेतला, हिंगणघाटहून, हप्त्यावर. ताट्या नव्या, पंखा मोठा. मुलीने आज स्वतः हिशेब करून आणला: पंखा आणि पाण्याची मोटर मिळून २२० वॉट, दिवसाला बारा तास, ७५ दिवस. १९८ युनिट, १३९ किलो. घराचा एकूण आकडा एका उन्हाळ्यात तिसऱ्या हिश्शाने वाढणार.

तिने विचारलं, "मॅडम, लाल पेनानं लिवू काय?"

सुट्ट्या असूनही सात जण आले होते. वाद झाला. नियम तो नियम, असं दोघांचं म्हणणं. घर २ चा मुलगा म्हणाला, लाल आमच्या घराला ठेवा. शेवटी मुलांनी नियमच दुरुस्त केला: माणशी २०० किलोंच्या खालच्या घरात वाढ झाली तर निळं. घर ७ ची वाढ निळ्या पेनाने लिहिली, तारीख टाकली, सातही जणांनी खाली सह्या केल्या.

पुढची कामं : घर २ च्या सोलरचा अर्ज पाठवणे. बंद मीटरांपैकी एक अजून बदललेला नाही, पुन्हा अर्ज. मृगाआधी मातीपरीक्षणाची बाराही कार्डं वाचून दाखवणे. चुन्याच्या दोन बॅगा. आणखी चार घरांनी नावं दिली आहेत.